आपली नोंद झाली आहे

ऑफिसात त्याला सगळे पहारेकरी म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. आवडतं असं तो कबूल करत नसे, पण नव्या माणसाशी ओळख करून देताना कुणी ते नाव विसरलं, तर तो स्वतःच हळूच आठवण करून देई. वेबसाइट बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत बाकीची मंडळी आल्या आल्या कामाला लागत. हा आधी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी जागेवर आहे का ते बघे. फोन नेहमी टेबलावर पालथा. दुकानात मोबाइल नंबर मागितला की "कशाला?" असा सवाल, आणि तोही अशा आवाजात की बिल करणारी मुलगी नंबर न घेताच पिशवी पुढे करायची. जाहिरातवाले आपल्या मागावर असतात, आपण काय वाचतो, कुठे रेंगाळतो, काय घेता घेता राहतो हे सगळं टिपून ठेवतात, हे तो इतकं रंगवून सांगे की ऐकणाऱ्यांचा चहा निवून जाई.

त्यामुळे कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी ते काम त्याच्याकडे दिलं यात नवल नव्हतं.

"आपल्याकडे प्रत्येकाचा ब्राउझर वेगळा," मॅडम म्हणाल्या. "एक म्हणतो पान दिसतंय, दुसरा म्हणतो दिसत नाही, आणि वैताग म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. ते जाहिराती अडवणारे, माग काढू न देणारे जे काही आहेत ना, ते सगळे एकदा समोरासमोर बसव. साइट बनवणाऱ्याने रोजचं काम कशात करावं आणि तपासणी कशात करावी, ते मला नीट सांग."

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं त्याचं. हेच तर तो इतकी वर्षं फुकट सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

त्याने चार ब्राउझर मांडले आणि चौघांना घरातल्या पोरांसारखी टोपणनावं ठेवली. पहिला भोळा. हा बहुतेकांच्या यंत्रावर असतो तो. जाहिरात येवो की माग काढणारा येवो, सगळ्यांना या बसा म्हणतो. दुसरा मवाळ, म्हणजे भोळाच, पण वर जाहिराती अडवणारी एक जोडणी बसवलेली. तिसरा कडक. याला वरून काही लावावं लागत नाही, अडवणं याच्या रक्तातच. जाहिराती, मोजणारे, पाळत ठेवणारे, सगळ्यांना दारातूनच वाटेला लावतो. आणि चौथा बहुरूपी, जो प्रत्येक साइटला निराळं तोंड दाखवतो, त्यामुळे काल ओळख झालेली साइट आज पुन्हा विचारते, आपण कोण?

कडक हा त्याचा लाडका. हे त्याने लपवलं नाही, आणि लपवलं असतं तरी लपलं नसतं.

पहिल्या दिवशी तर धमालच झाली. एकच बातम्यांचं पान चौघांत शेजारी शेजारी उघडलं. भोळ्यात ते इतकं हलत होतं की एक ओळ वाचायला घ्यावी तर ती खाली सरके आणि तिच्या जागी चपलांची जाहिरात येऊन बसे. मवाळात जाहिराती गेल्या, पण त्यांच्या जागा दात पडलेल्या हिरडीसारख्या मोकळ्या राहिल्या. कडकात पान चटकन आलं, स्वच्छ आणि शांत. बहुरूप्यात साइटने आधी तो माणूसच आहे का याची खात्री करायला चित्रांतले सिग्नलचे दिवे ओळखायला लावले.

"म्हणजे तुझा कडक पहिला आला," शेजारच्या टेबलावरची रंगारी म्हणाली. साइटचे रंग, अक्षरं, चित्रं हे तिचं खातं. म्हणून ती रंगारी. "पेपर काढणारा तू, तपासणारा तू. निकाल काय लागणार ते मला आधीच ठाऊक होतं."

"थांब, अजून गुण कापायचेत त्याचे," तो म्हणाला. आणि त्याने खरंच कापले. कडकात एका दुकानाचा नकाशा कोराच राहिला. एका साइटवर परवानगी विचारणारी चौकट कडकाने उडवली, पण तिच्यासाठी मागचं पान गोठवलेलं होतं ते तसंच गोठलेलं राहिलं. ना पुढे ना मागे. या अशा गोष्टी साइट बनवणाऱ्याला कळायलाच हव्यात, कारण पाहुणा तक्रार करत नाही, निघून जातो. म्हणून त्याचं मत असं बनत चाललं होतं की वाचायला-फिरायला कडक, बांधकामाला भोळा, कारण भोळ्याची हत्यारं चांगली, आणि तपासणी मात्र चौघांतही. तो स्वतः तसंच करत आला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"आपल्या साइट्स टाकून बघितल्यास का यात?" रंगारीने विचारलं. "की नुसती दुसऱ्यांचीच घरं झाडायची?"

"बघतो ना. आपल्यात काही निघायचं नाही."

आणि त्याने सुरुवात केली ती ज्या कामाचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता, तिथूनच. ती साइट होती एका वाचोपचार केंद्राची. झटक्याने किंवा अपघाताने ज्यांची वाचा गेली, त्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवतात. केंद्रात दिवसभर फोन खणखणायचा आणि तिथल्या कारकूनबाईंना जेवायची फुरसत मिळायची नाही, तेव्हा फोन नंबरच काढून टाका, सगळी नोंदणी साइटवरून घ्या, हे त्यानेच सुचवलं होतं. पानाच्या माथ्यावरचं वाक्यही त्याचंच: 'नोंदणी फक्त येथेच होते. कृपया फोन करू नये, प्रत्यक्ष येऊ नये.' नाव, वय, त्रास कधीपासून, आणि खाली एक हिरवं बटण. दाबलं की क्षणात अक्षरं उमटायची: 'धन्यवाद. आपली नोंद झाली आहे. आम्ही संपर्क करू.'

भोळ्यातून त्याने एक खोटी नोंद पाठवली आणि कारकूनबाईंना फोन लावला. त्यांचा नंबर त्याच्याकडे होता.

"आली हो," बाई म्हणाल्या. "हे काय, 'चाचणी चाचणी' असं कुणाचं नाव असतं होय?"

मग कडकातून पाठवली. हिरवं बटण, धन्यवाद, आपली नोंद झाली आहे.

"ही?"

"ही नाही आली."

"जरा वेळाने बघा बरं."

"बघितलं. नाही आली. तसंही हल्ली नोंदी कमीच येतात बघा. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलंसुद्धा, लोकांचे झटके कमी झाले की काय!" बाई हसल्या. तोही सवयीने हसला, आणि फोन ठेवून त्याने साइटचं पोट उघडलं.

सापडायला वेळ लागला नाही. आपल्या हाताने ठेवलेली वस्तू शोधायला कितीसा वेळ लागणार. किती लोक कुठल्या पानावरून येऊन नोंदणी करतात हे केंद्राला हवं होतं, म्हणून त्याने मागच्या वर्षी साइटवर मोजदाद करणारी एक बाहेरची सोय बसवली होती. आणि क्रम असा लावला होता की बटण दाबलं की आधी त्या मोजणाऱ्याला सांगायचं, एक माणूस आला. त्याने 'मोजला' म्हटलं की मग नोंद केंद्राकडे पाठवायची. भोळ्यात मोजणारा लगेच 'मोजला' म्हणे. कडकात त्या मोजणाऱ्याला दारातच हाकललेलं. तो कुठून उत्तर देणार? आणि त्याचं उत्तर येईना, म्हणून नोंद जागची हलेना. 'धन्यवाद' मात्र कुणाची वाट बघत नव्हतं. ते बटण दाबताक्षणी उमटावं असं त्यानेच ठरवलं होतं, कारण लोकांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

कडकात त्याने हे पान तेव्हाही उघडून पाहिलं होतं. पण दिसतं कसं, एवढंच. हिरवं बटण उठून दिसत होतं. नोंद पोचते का, हे त्याने भोळ्यात तपासलं होतं, कारण हत्यारं तिथे चांगली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं त्याच्या मनात आलं, आणि पहिल्या क्षणी वाटली ती नुसती कामातली लाज. रंगारी काय म्हणेल, मॅडम काय म्हणतील, एवढीच. कानाच्या पाळ्या तापवणारी, संध्याकाळपर्यंत उतरणारी लाज. त्याने ती ओळ दुरुस्त करायला बोटं पुढे केली, आणि तेव्हा त्याला ताई आठवली. हात तसाच राहिला.

ताई त्याची थोरली बहीण. बसने अर्ध्या दिवसावरच्या गावी ती आईजवळ राहायची आणि पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. लोकांच्या खिडक्यांची मापं तिला तोंडपाठ. ते केंद्रही त्याच गावात. मागच्या वर्षी आईला झटका आला. हात बराचसा परतला, पाय परतला, वाचा परतली नाही. आईला कळायचं सगळं, पण ओठांवर यायचे ते आवाज, शब्द नव्हे.

त्या दिवसांत तो रजा काढून घरी गेला होता, तेव्हा ताई एका भलत्याच गोष्टीने घाबरली होती. लॅपटॉप उघडला की जिकडे तिकडे मोठ्या माणसांचे लंगोट, आधाराच्या काठ्या, मालिशचं तेल. "अरे, यांना कसं कळलं आईचं?" तिने कुजबुजत विचारलं होतं, जणू लॅपटॉप ऐकत होता. आणि पहारेकऱ्याची छाती फुगली होती. त्याने तिचा जुना ब्राउझर काढून टाकला, कडक बसवला, तोही सगळे खटके आवळून, आणि म्हणाला, "आता माशी आत शिरायची नाही."

माशी आत शिरली नाही. आणि आतलं काही बाहेरही गेलं नाही.

"मी जाऊन येते ना केंद्रात," ती तेव्हा म्हणाली होती. "दुकानावरून चालत जाण्यासारखं आहे."

"ताई, आजकाल असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाहीत. साइटवर नोंद कर. माझीच साइट आहे ती."

माझीच साइट आहे ती! तिने नोंद केली. फोनवर विचारत राहिली, अजून काही आलं नाही रे. तो सांगत राहिला, तिथे रांग असते, धीर धर. तिने पुन्हा नोंद केली. पुन्हा धन्यवाद. मग मामाकडे सगळे जेवायला जमले असताना मामींनी विचारलं की आईच्या बोलण्याचं काय झालं, आणि ताई म्हणाली, नंबरच लागत नाही. तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "अहो, हिने बटण दाबलंच नसणार. शिलाईच्या मशीनसारखं पायाने शोधत बसली असेल." पंगत हसली. मामांना तर ठसका लागला. त्याने वर पाय हलवून नक्कलही केली होती. ताईही हसली होती, खाली बघून. आणि आईने, तिला कुणी विचारलं नव्हतं, घशातून एक आवाज काढला होता. त्याला वाटलं होतं, तिला पाणी हवंय.

हे सगळं त्याला ऑफिसच्या खुर्चीत बसून आठवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. साइट त्याची, ब्राउझर त्याने बसवलेला, 'येऊ नये' हे वाक्य त्याचं, आणि हसणंही त्याचंच. दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडावीत म्हटलं तर उभ्या जगात माणूस सापडत नव्हता.

त्याने क्रम बदलला: आधी नोंद जाईल, मग मोजणाऱ्याला काय मोजायचं ते मोजू दे. कडकातून नोंद पाठवली. पोचली.

"काय निघालं रे?" रंगारीने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. किरकोळ होतं," तो म्हणाला. त्या दिवसातलं हे पहिलं खोटं.

दुसरं लगेच झालं. त्याने कारकूनबाईंना फोन करून डॉक्टरीणबाईंशी बोलायला मागितलं आणि आईचं सांगितलं. साइट बनवून देणारा माणूस म्हटल्यावर त्या आपुलकीने बोलल्या. झटका कधी आला ते ऐकून मात्र त्या थांबल्या.

"मग इतके दिवस आणलं का नाही?"

"नाही जमलं घरी," तो म्हणाला.

"असंच करतात हो घरचे. होईल आपोआप म्हणून बसून राहतात. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, तेव्हा आणलं असतं तर बराच फरक पडला असता." त्यांनी सुस्कारा टाकला. "या सोमवारी आणा. जमेल तेवढं करू. फार आशा नका दाखवू त्यांना."

तो "हो" म्हणाला. घरचे म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होतं. रोज आईला जेवू घालून, दुकानात जाऊन, दुपारी धावत घरी येऊन पुन्हा दुकान गाठणारी ताई. तिच्यावर त्याने तो ठपका बसू दिला आणि फोन ठेवताना आभारही मानले. आपण इतके हलके आहोत हे त्याला आजवर माहीत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शनिवारी तो गावी गेला. बसमध्ये त्याने काय सांगायचं ते पुन्हा पुन्हा जुळवलं, पण दारात पाय ठेवल्यावर तोंडून निघालं ते भलतंच.

"सोमवारी नंबर लागलाय आईचा. मी बोललो तिथल्या डॉक्टरीणबाईंशी."

ताईच्या हातात ओला कपडा होता. तो तसाच खांद्यावर टाकून ती खिडकीजवळ खुर्चीत बसलेल्या आईकडे धावली. "आई, ऐकलंस? नंबर लागला! तुझ्या लेकाने लावला. मी एवढे दिवस डोकं आपटत होते, आणि याने एका फोनमध्ये केलं." आईने त्याच्याकडे पाहिलं आणि घशातून आवाज काढला. "ती म्हणते, तू वाळलास," ताई म्हणाली. आईचं असं सगळं तीच आता उलगडून सांगायची. भुवई, ओठांची ठेवण, आवाजाची उंची, यांवरून तिला बरोबर कळायचं. "आणि म्हणते, आधी जेव."

तो जेवला. ताईने वाढलेलं सगळं खाली मान घालून जेवला. खरं बोलायला तोंड उघडावं तर त्यात घास असायचा, आणि घास संपला की ती नवा वाढायची. हे असंच राहिलं तर काय बिघडेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आई केंद्रात जाईल, ताई आनंदात राहील, आणि तो कर्ता भाऊ ठरेल. कुणालाच काही कळणार नाही. कळायला पुरावाच नव्हता.

जेवण झाल्यावर ताईने लॅपटॉप आणला. पदराने त्याचं झाकण पुसलं.

"आता मला एक दाखव," ती म्हणाली. "तू हसशील, पण सांगते. मी क्लास लावला संगणकाचा. दुकान सुटल्यावर जाते. सगळी कॉलेजातली मुलं, आणि मध्ये मी म्हातारी. मामाकडे तू म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं, खरंच आपल्यामुळे आईचं अडलंय. आपल्याला साधं एक बटण दाबता येत नाही." तिने साइट उघडली. "तर मी आता भरते, आणि तू मागे उभा राहून बघ. माझं कुठे चुकायचं ते मला एकदा कळू दे. पुढे कुठे असं भरायची वेळ आली तर पुन्हा नको व्हायला."

तो मागे उभा राहिला. तिने आईचं नाव लिहिलं, एका बोटाने, पण एकही अक्षर न चुकता. वय. त्रास कधीपासून. प्रत्येक रकाना भरून झाल्यावर ती तो पुटपुटत वाचून बघत होती, कापड कापण्याआधी माप पुन्हा बघावं तसं. मग तिने हिरवं बटण दाबलं.

'धन्यवाद. आपली नोंद झाली आहे.'

"हेच यायचं," ती मान वळवून म्हणाली. "देवाशपथ, दर वेळी हेच यायचं. मग माझं चुकायचं कुठे?"

"तुझं काही चुकत नव्हतं," तो म्हणाला.

"अरे, मग..."

"माझं चुकलं होतं. साइटमध्ये. आणि तुझ्या लॅपटॉपवर मी तो कडक ब्राउझर बसवला ना, त्यातून नोंद जातच नव्हती. नुसतं धन्यवाद दिसायचं. भोळ्या ब्राउझरवाल्यांची जायची, तुझी नाही. तू पहिल्यांदा भरलंस तेव्हाच ते बरोबर होतं. मला परवा ऑफिसात कळलं. नंबरही मी काही मोठी ओळख काढून नाही लावला, नुसता फोन केला. तू चालत गेली असतीस तरी लागला असता." एवढं बोलून त्याचा श्वास संपला. मग राहिलेलंही त्याने सांगून टाकलं. "आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आणलं असतं तर बरंच बोलता आलं असतं. मी त्यांना सांगितलं, घरी जमलं नाही."

 ताईने लॅपटॉप बंद केला नाही, की त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

"त्या लंगोटवाल्यांना," शेवटी ती हळू म्हणाली, "त्या तेलवाल्यांना निदान कळलं तरी होतं रे, आई आजारी आहे म्हणून."

 तो उभ्याउभ्या खाली बघत राहिला. लहानपणी काही फोडलं की याच खोलीत तो असाच उभा राहायचा, पण तेव्हा निदान रडता यायचं.

"आणि बाकीचे?" ताईने विचारलं.

"बाकीचे कोण?"

"माझ्यासारखे. ज्यांनी तो तसला ब्राउझर घेतला असेल आणि धन्यवाद बघून घरी बसले असतील. त्यांना कोण सांगणार?"

 हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. परवापासून त्याने फक्त आपलं तोंड कसं लपेल एवढंच पाहिलं होतं. "ते कोण होते ते कळायला मार्गच नाही, ताई. त्यांच्या नोंदी कुठे पोचल्याच नाहीत. त्यांचा माग कुठेच नाही."

"मग केंद्रात सांग. ऑफिसात सांग. साइटवर मोठ्या अक्षरात लिही की इतके दिवस चूक झाली होती, पुन्हा नोंदवा, नाहीतर सरळ या."

"लिहितो."

"आता लिही."

त्याने तिथेच बसून लिहिलं. मॅडमना लिहिलं, केंद्राला लिहिलं, त्यात कुणाचं चुकलं तेही लिहिलं, आणि 'घरी जमलं नाही' हे खोटं होतं असंही. ताई शेजारी उभी राहून वाचत होती. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं तो सवयीने लिहायला गेला, तेव्हा तिने त्या शब्दांवर बोट ठेवलं. त्याने ते खोडले.

"आता आईला सांग," ती म्हणाली.

"तिला कशाला, ताई? तिला आणखी त्रास."

"मामाकडे सगळ्यांसमोर बोललास ना? तेव्हा तीही बसली होती तिथे. तिला कळतं सगळं."

तो आईच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. खोली तीच, आईने सारं ऐकलंच होतं. पण तरी त्याने पहिल्यापासून सांगितलं. आईला सांगताना ते आणखी साधं आणि आणखी वाईट झालं. आई, ताईने वेळेवर नाव नोंदवलं होतं, माझ्यामुळे ते पोचलं नाही. तू कदाचित आज बोलत असतीस. आणि मी ताईला हसलो. एवढंच होतं ते.

मग तो वाट बघत राहिला. त्याला वाटत होतं, आईने रागवावं. मेल्या म्हणावं, लाज नाही वाटत का म्हणावं, पूर्वी म्हणायची तसं पाठीत धपाटा घालून म्हणावं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आईची बोलणी हवी होती, आणि तीच आता तिच्यापाशी नव्हती.

आईने तोंड उघडलं. ओठ एकदा गोल झाले, मग ताणले गेले. घशातून आवाज आला, तुटला, पुन्हा आला. हा जेवणाच्या वेळचा आवाज नव्हता. लांब होता, त्यात चढउतार होते, नक्की वाक्यच होतं ते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. ते रागाचे होते की मायेचे, हे पोटच्या पोराला कळेना.

त्याने वळून ताईकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

ताईला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून ते स्वच्छ दिसत होतं. तिचे डोळे भरले होते.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुला म्हणतेय ती. तुझं तू ऐक."

ती भांडी घेऊन आत गेली. तो आईकडे वळला. आईने श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली.